पुण्याचं दार बंद झालं तेव्हा

कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कोणताही मोठा निर्णय दोनपैकी एका वाक्याने पक्का होतो. ‘प्रभूने माझ्या मनात घातलं आहे’ हे एक, आणि ‘कमिटीने ठरवलं आहे’ हे दुसरं. पहिल्या वाक्यानंतर जो प्रश्न विचारेल तो अल्पविश्वासी ठरतो, दुसऱ्यानंतर विचारेल तो भांडखोर. मग प्रार्थना होते, सगळे आमेन म्हणतात आणि बैठक संपते.

देव आपल्याला न ठरवलेल्या वाटेने नेतो यावर माझा मनापासून विश्वास आहे. तो विश्वास आहे म्हणूनच या दोन्ही वाक्यांबद्दल मी गप्प बसू शकत नाही. अनपेक्षित मार्गदर्शन हा एका माणसाचा खाजगी ठेवा नाही. ते मंडळीपुढे मांडायचं असतं, पारखायचं असतं, आणि पटल्यावर सगळ्यांनी मिळून त्यामागे जायचं असतं. पारख करू न देणारा माणूस स्वतःच्या कानांवर जितका विश्वास ठेवतो तितका देवावर ठेवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

यासाठी लांब जायला नको. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं बाणकोट घ्या. 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल मुंबईला आले. जायचं होतं पुण्याला. पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारला पुण्यात मिशनऱ्यांची ये-जा नको होती. परवानगी मिळाली नाही. म्हणून सोसायटीची माणसं दक्षिणेला कोकणात आली आणि बाणकोटला, पुढे हर्णैला, ठाणं करून राहिली. मिचेल त्याच वर्षी वारले. मागून आलेल्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. 1829 साली जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट स्कॉटलंडहून आले तेव्हा मराठी शिकायला याच किनाऱ्यावर, हर्णैला, राहिले. त्यानंतर मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा उभ्या केल्या, आणि ज्या विल्सनांच्या नावाचं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे त्यांची मराठी अशी हर्णैच्या हवेत रुजली.

या हकिगतीत आकाशवाणी कुठेच नाही. एका गव्हर्नराचा राजकीय हिशेब आहे, एक नकार आहे, तापाने आणि प्रवासाने खचलेली माणसं आहेत. बाणकोटच्या किल्ल्याखाली उतरताना कोणी छातीठोकपणे म्हटलं असेल की पुण्याचं दार देवानेच बंद केलं, तर मला ते घाईचं वाटलं असतं. आज दोनशे वर्षांनी मागे वळून पाहिलं तर त्या नकारातून देवाने काय काय घडवलं ते दिसतं. त्या दिवशी ते कुणालाच दिसणं शक्य नव्हतं, आणि न दिसताही त्यांनी काम सुरू केलं हेच मला महत्त्वाचं वाटतं.

त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू न दिलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत पोचले. तिथेही त्यांना परत जाण्याचा हुकूम मिळाला. ते गेले नाहीत. गव्हर्नर नेपियन यांच्याकडे अर्ज केले, विनवण्या केल्या, मध्ये गुपचूप कोचीनपर्यंत गेले, तिथून परत आणले गेले, आणि शेवटी त्यांना राहू देण्यात आलं. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं आणि 1826 साली त्यांचा मराठी नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी हॉल कॉलऱ्याने वारले.

दार दोघांचंही बंद झालं होतं. एकाने दुसरी वाट धरली, दुसऱ्याने तेच दार ठोठावत ठेवलं. दोन्ही ठिकाणी देवाने काम केलं. मग ‘दार बंद झालं, म्हणजे प्रभूची इच्छा नाही’ हे आपण इतक्या सहज कसं म्हणतो? एखाद्या तरुणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला नाही, एखाद्या वाडीत प्रार्थनेला जागा मिळाली नाही, एखादा अर्ज तहसील कचेरीत अडकला, की कुणीतरी हे वाक्य बोलतं आणि सगळे हलकी मान हलवतात. कधी ते खरं असतं. कधी तो फक्त आळस असतो, ज्याला आपण आज्ञापालनाचा अंगरखा चढवलेला असतो. दाराकडे पाहून यातलं काय ते कळत नाही. ते माणसांबरोबर बसून, बोलून, प्रार्थना करून कळतं.

प्रेषितांची कृत्ये याच्या सोळाव्या अध्यायात पौलाची अवस्था अगदी अशीच आहे. आसियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमी प्रांतात, वचन सांगायला पवित्र आत्म्याने मना केलं. मग बिथुनियाकडे जायचा प्रयत्न केला, तिथेही जाऊ दिलं नाही. एकापाठोपाठ दोन दारं बंद, आणि कारण एकदाही सांगितलेलं नाही. पुढे त्रोवसला पोचल्यावर रात्री दर्शन: मासेदोनियातला एक माणूस विनंती करतो आहे की इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. आपल्याकडच्या साक्षींमध्ये ही गोष्ट बहुतेक इथेच थांबते. हे पुस्तक लिहिणारा लूक मात्र पुढची ओळ लिहितो: दर्शन पौलाला झालं, पण त्यावरून देवाने आपल्याला तिथे बोलावलं आहे हे अनुमान सगळ्यांनी मिळून काढलं. सीला होता, तीमथ्य होता, लिहिणारा स्वतः होता. पौलासारखा प्रेषितही आपल्या स्वप्नाचा अर्थ एकट्याने लावून मोकळा झाला नाही.

आणि समुद्र ओलांडून गेल्यावर काय झालं? स्वप्नातला तो माणूस काही भेटला नाही. फिलिप्पैत शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी जमलेल्या बायका भेटल्या. त्यांतली लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, थुवतीराची. थुवतीरा आसियातलं गाव. ज्या आसियात बोलायला मनाई झाली तिथलीच बाई मासेदोनियात पहिली श्रोती होऊन बसली, आणि मंडळी तिच्या घरात उभी राहिली. दर्शन खरं होतं, पण दर्शनात दिसलं तसंच्या तसं काही घडलं नाही. पौल जर ‘मला पुरुष दिसला होता, बायकांशी माझं काय काम’ म्हणून परत फिरला असता तर? देवाचं मार्गदर्शन मिळालं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनीही त्याचा तपशील मुठीत घट्ट धरून ठेवू नये, हे मी या अध्यायातून शिकते.

आता ‘प्रभूने मला सांगितलं’ याकडे वळते. या वाक्याला माझा विरोध सरसकट नाही. देव माणसाशी बोलतो. पण बोलल्याचा दावा करणाऱ्यानेही चुकण्याची शक्यता धरून चालावं, हे पवित्र शास्त्र स्वतःच सांगतं. दावीद राजाने मंदिर बांधायचा बेत नाथान संदेष्ट्याला सांगितला. नाथान लगेच म्हणाला, तुझ्या मनात आहे ते सगळं कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. बेत चांगला, राजा भला, सांगणारा खराखुरा संदेष्टा. त्याच रात्री देवाने नाथानाला थांबवलं: मंदिर दावीद नाही, त्याचा मुलगा बांधील. सकाळी नाथान राजाकडे परत गेला आणि आदल्या दिवशीचं आपलं बोलणं मागे घेतलं. आमच्या मंडळ्यांत एखाद्या वक्त्याने भर उपासनेत दिलेला शब्द दुसऱ्या रविवारी मागे घेतलेला मी कधी ऐकलेला नाही. नाथान चुकला म्हणून त्याचं संदेष्टेपण गेलं नाही. त्याने परत जाऊन सांगितलं, त्यामुळे ते टिकलं.

यिर्मयाचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. यरुशलेम पडल्यावर उरलेले लोक त्याच्याकडे आले: आम्ही मिसरात जावं की इथेच राहावं, ते देवाला विचार. यिर्मयाने त्याच दिवशी उत्तर दिलं नाही. दहा दिवस गेले, मग वचन आलं. माणसं घाबरलेली, बाबेलच्या सैन्याची धास्ती, आणि संदेष्टा दहा दिवस गप्प! आज एखाद्या पाळकाने असं केलं तर त्याच्याकडे अभिषेक नाही असं म्हणतील. पण त्या दहा दिवसांत त्याचा स्वतःचा कल आणि देवाचं वचन यांतला फरक स्पष्ट झाला असावा असं मला वाटतं. लोकांनी ते वचन ऐकलं नाही हा पुढचा भाग.

हे सगळं मी आत्ता लिहिते आहे ते जमिनीमुळे. अलिबागपासून गुहागरपर्यंत किनाऱ्याच्या जमिनींना जो भाव आला आहे तो सगळ्यांना माहीत आहे. रिसॉर्ट, सेकंड होम, एनए प्लॉट. जुन्या मिशनच्या आवारात आता दहा-वीस कुटुंबं उपासनेला येतात. शाळेची कौलं उतरलेली असतात, विहिरीत गाळ असतो. अशा वेळी कुणीतरी गिऱ्हाईक घेऊन येतं आणि बैठकीत शब्द उच्चारला जातो: देवाने अनपेक्षित दार उघडलं आहे. या पैशात दुसरीकडे मोठी इमारत होईल, सेवा वाढेल.

असेलही. जमीन विकणं हे पाप नाही, आणि ओसाड आवार सांभाळणं हे पुण्य नाही. पण अशा प्रसंगी ‘अनपेक्षित’ हा शब्द वापरला जातो तेव्हा मी सावध होते, कारण त्या व्यवहाराचे कागद बऱ्याचदा महिनोन्‌महिने आधीपासून फिरत असतात. अनपेक्षित ते असतं मंडळीसाठी, बैठकीला येणाऱ्या त्या वयस्कर बायकांसाठी, ज्यांच्या सासऱ्यांनी त्या आवारात नारळ लावले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950, याच्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. सरकार सुद्धा विचारतं की हा व्यवहार ट्रस्टच्या हिताचा आहे का. जो प्रश्न आयुक्त विचारू शकतात तो मंडळीतल्या विधवेने विचारला तर तिला अविश्वासू कसं म्हणता येईल? किंबहुना तिने तो आधी विचारायला हवा, आणि तिला उत्तर आधी मिळायला हवं. व्यवहाराचा फायदा कुणाला, तोटा कुणाला, आणि पुकारा करणारा या दोनांपैकी कुठल्या बाजूला उभा आहे, हे पाहिल्याशिवाय कुठल्याही विक्रीला देवाचं मार्गदर्शन म्हणू नये.

किंमत कोण मोजतं ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी कसोटी आहे. यावरून नारायण वामन टिळक आठवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 साली जन्मलेला हा कवी 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी बोलत बसला. त्या माणसाने नवा करार हातात दिला. दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 ला, टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. अनपेक्षित मार्गदर्शनाची याहून ठळक गोष्ट मराठी ख्रिस्ती इतिहासात शोधून सापडणार नाही, आणि आपण ती अभिमानाने सांगतोही. पण ती सांगताना लक्ष्मीबाईंना आपण वगळतो. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्या बाईचा संसार उधळला. कित्येक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, समाजाचं बोलणं त्यांनी सोसलं, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या अक्कलहुशारीने. टिळकांना गाडीच्या डब्यात जे मिळालं ते लक्ष्मीबाईंना स्वयंपाकघरात, प्रवासात, माणसांच्या वागण्यातून मिळालं. देवाने एकाला बोलावलं म्हणजे त्याच्या घरातल्यांनाही त्याच क्षणी ऐकू आलंच पाहिजे, असं धरून चालता येत नाही.

आपल्याकडे पूर्णवेळ सेवेला निघालेले भाऊ मी पाहते. नोकरी सोडली, प्रभूने बोलावलं. घर मग बायको चालवते: मासळी विकून, अंगणवाडीत काम करून, कुणाकडे धुणीभांडी करून. तिला कुणी विचारलं होतं का? तिच्या मनात काय घातलं होतं प्रभूने? मंडळीने सेवेकऱ्याचा अभिषेक करण्याआधी त्याच्या बायकोला पुढे बसवून, त्याच्या गैरहजेरीत, मोकळेपणी विचारावं. तिची ‘हो’ नसेल तर थांबावं. दहा दिवस नव्हे, दहा महिने लागले तरी थांबावं.

टिळकांच्या आयुष्यात अनपेक्षित वळण एकदाच आलं नाही. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या येशूभक्तांना एकत्र बसता येईल, भजन-कीर्तनाने, आपल्या मातीच्या पद्धतीने. 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण त्यांची भजनं आजही आमच्या उपासनेत, कोकणातल्या छोट्यातल्या छोट्या प्रार्थनाघरात, पेटीवर म्हटली जातात. ‘कमिटीने ठरवलं’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगू इच्छिते. देवाच्या त्या हालचालीला मिशनच्या कोष्टकात बसेल असं नाव नव्हतं, आणि ती संस्था म्हणून उभीही राहिली नाही. तरी आपण तिच्यावर जगतो आहोत. एखादं काम पुढच्या अहवालात दाखवता येणार नाही म्हणून ते देवाचं नाही, असं म्हणता येत नाही.

बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, उदाहरण तर याहून पुढचं आहे. नवगाव, रेवदंडा, अलिबागकडचे हे ‘शनिवार तेली’ (शनिवारी घाणा बंद ठेवणारे) मिशनच्या शाळांत आले, शिकले. विल्सनांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, जुना करार मराठीत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांची आशा काय होती ते उघड आहे. प्रत्यक्षात ख्रिस्ती फार थोडे झाले. त्या समाजाची मात्र आपल्या शास्त्राशी, आपल्या भाषेशी ओळख घट्ट झाली आणि ते आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. मिशनच्या हिशेबात हे अपयश. मी ते अपयश मानत नाही. एका विसरत चाललेल्या लोकसमूहाला त्याचं पुस्तक परत मिळालं, आणि ते पुस्तक आपलंही आहे. देवाने त्या शाळांचा उपयोग शाळा काढणाऱ्यांच्या मनात नव्हता तिकडे केला असेल तर त्याबद्दल कुरकूर करणारे आपण कोण?

एक गोष्ट इथे वेगळी काढायला हवी. अनपेक्षित घडलेलं प्रत्येक काही मार्गदर्शन नसतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या सुपारीच्या बागा एका दुपारात आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. दोन्ही वेळा मोबाईलवर संदेश फिरले की देव या भागाशी काही बोलतो आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा प्रभू येशूला हेच विचारण्यात आलं असणार, आणि त्याने साफ सांगितलं की ती माणसं इतरांहून अधिक दोषी नव्हती. ज्याची पंचवीस वर्षांची सुपारी गेली त्याला देवाच्या संदेशाचा अर्थ सांगायला जाऊ नये. कौलं घेऊन जावं.

आता आजच्या प्रश्नाकडे येते, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. किनाऱ्यावरच्या बहुतेक मंडळ्या रिकाम्या होत चालल्या आहेत. मुलं मुंबई-पुण्याला, काही आखातात. नाताळला आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, बाकं भरतात, दान येतं, मग जूनपासून पुन्हा तेच म्हातारे चेहरे. आमच्या सगळ्या योजना या चाकरमान्यांभोवती फिरतात: ते कधी येतील, त्यांच्याकडून इमारत निधी किती येईल, त्यांची मुलं मराठी उपासनेला बसतील का. आपण मुंबईच्या गाडीकडे डोळे लावून बसलो आहोत.

दरम्यान दारात कोण आहे? आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत. बोटींवर नेपाळचे, झारखंड-ओडिशाकडचे, उत्तरेकडचे खलाशी आहेत. महामार्गाच्या कामावर बाहेरचे मजूर आहेत. त्यांतले काहीजण आपापल्या गावच्या मंडळ्यांतून आलेले ख्रिस्ती असतात. रविवारी ते आपल्या चर्चच्या दरवाज्यापर्यंत येतात, आतली मराठी उपासना थोडी ऐकतात आणि निघून जातात. कुणी ‘बसा’ म्हटलं तर शेवटच्या बाकावर बसतात. त्यांच्यासाठी हिंदीत एखादं गीत, एखादं वाचन ठेवावं असं कुणी सुचवलं, तर उत्तर येतं की ही मराठी मंडळी आहे, ते आज आहेत उद्या नाहीत, त्यांचं नाव रजिस्टरला घालायचं कसं.

मला वाटतं, मासेदोनियाचा माणूस तो हाच. त्रोवसला पौलाला स्वप्न पडावं लागलं. आपल्याला तेवढंही करायचं नाही, तो स्वतः चालत आला आहे. आपण वर्षानुवर्षं प्रार्थना करतो की प्रभू, ही मंडळी वाढव. त्याने माणसं पाठवली. ती आपल्या आडनावांची, आपल्या भाषेची नाहीत, एवढंच. याला अनपेक्षित मार्गदर्शन म्हणायला मी तयार आहे. पण वर ज्या कसोट्या मांडल्या त्याच कसोट्यांवर हेही पारखलं पाहिजे, म्हणून पारखते. यात माझा फायदा काही नाही; उलट माझ्या आवडीच्या उपासनेतली दोन गीतं कमी होतील. ज्यांना त्रास होईल ते आपणच आहोत, बसलेले, सवयीचे. आणि ज्याचा लाभ होईल तो परका आहे, ज्याच्याबद्दल शास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आग्रहाने बोलतं.

एक खबरदारी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यायची. गावापासून दूर, मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाच्या अडचणीचा फायदा घेऊन धर्माची भाषा करणं हे सुवार्तेचं काम नव्हे. खलाशी आजारी पडला तर त्याला सरकारी दवाखान्यात नेणं, त्याच्या मुलीला शाळेत नाव घालायला मदत करणं, मजुरी थकली तर त्याच्यासाठी बोलणं, हे त्याने चर्चला यावं म्हणून करायचं नाही. तो हिंदू असो, बौद्ध असो, काहीही असो.

काहीजण म्हणतील, एवढी पारख करत बसलं तर विश्वासाचा वारा पडतो. संदेष्टे एकटेच होते, बहुमताने कोणी यिर्मया झाला नाही. हे खरं आहे. बहुमत म्हणजे देव नव्हे, आणि मी मतदान मागत नाही. पण यिर्मया एकटा होता तेव्हा त्याला चिखलाच्या विहिरीत टाकलं गेलं. त्याला आवार विकून इमारत मिळाली नाही. एकट्याने ऐकलेल्या शब्दाची किंमत त्याने एकट्याने मोजली. आणि पेत्र? यापोत छपरावर त्याला दर्शन झालं, कर्नेल्य या यहुदी नसलेल्या अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा उतरला, डोळ्यांदेखत. तरी यरुशलेमात गेल्यावर भावांनी त्याला धारेवर धरलं, परजातीयांबरोबर जेवलास कसा? पेत्राने ‘माझ्या अधिकाराला आव्हान देता?’ असं म्हटलं नाही. पहिल्यापासून सगळं क्रमाने सांगितलं, बरोबर नेलेले सहा भाऊ साक्षीला दाखवले. ऐकणारे गप्प झाले आणि देवाचं गौरव करू लागले. त्या दिवशी पेत्राने ‘मी प्रेषित आहे’ एवढंच म्हणून विषय संपवला असता तर परजातीयांचं दार किती वर्षं किलकिलंच राहिलं असतं कोण जाणे.

आमच्या किनाऱ्यावर बोटीचा तांडेल वारा ओळखतो, पण तो एकट्याच्या अंगावर घेत नाही. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारतो, शेजारच्या बोटीशी बोलतो, हवामान खात्याचा इशारा ऐकतो, आणि मग सुटायचं की नाही ते ठरवतो. त्याचा समुद्रावरचा विश्वास यामुळे कमी झाला असं कुणी म्हणत नाही. आत्मा वाऱ्यासारखा वाहतो हे प्रभूने निकदेमाला सांगितलं. कोळीवाड्यातल्या मंडळीला ते समजायला फार कष्ट पडू नयेत.

मग करायचं काय? माझ्या मते प्रत्येक मंडळीने एवढं तरी करावं. कुणी ‘प्रभूने सांगितलं’ म्हणून काही मांडलं तर ते आदराने ऐकावं, इतिवृत्तात लिहावं आणि त्याच बैठकीत निर्णय करू नये. मधल्या दिवसांत ज्यांच्यावर त्याचा भार पडणार आहे त्यांच्या घरी जावं: बायका, म्हातारे, ज्यांचं नाव कमिटीत नसतं ते. वर्षभराने तो लिहिलेला शब्द पुन्हा वाचावा. चुकला असेल तर नाथानासारखं येऊन सांगायची मुभा सांगणाऱ्याला असावी, आणि त्याला हसू नये.

आणि खलाशांचा विषय लांबणीवर टाकू नये. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी ओढलेल्या असतात, बरेचसे खलाशी गावी गेलेले असतात. जुलैच्या शेवटी ते परत येऊ लागतात. मंडळीच्या पावसाळी बैठका नेमक्या त्याच दोन महिन्यांत होतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दरवाज्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला आत कुठे बसवायचं, कुठलं गीत त्याच्या भाषेत म्हणायचं, उपासनेनंतर त्याच्याशी बोलायला कोण थांबणार, हे जूनमध्ये विषयपत्रिकेवर घ्या.